अक्कलदाढ काढल्यानंतर काय होतं, काय करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं जबड्यात आडवी किंवा अर्धवट अडकलेली खालची अक्कलदाढ हिरडी कापून, आजूबाजूचं थोडं हाड कोरून काढली आहे असं धरून लिहिली आहेत. पूर्ण उगवलेली वरची दाढ नुसत्या चिमट्याने निघाली असेल तर यातला बराचसा त्रास तुमच्या वाट्याला येणार नाही. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण तुमचा एक्स-रे आणि तुमची जखम त्यांनी पाहिली आहे.

दोन गोष्टी आधी लक्षात ठेवा. दाढेच्या खड्ड्यात रक्त साकळून जी गुठळी बनते, तिच्यावर पुढचं सगळं बरं होणं अवलंबून असतं. पहिल्या तीन दिवसांचे जवळपास सगळे नियम तिला जपण्यासाठीच आहेत. आणि दुखणं किती आहे यापेक्षा ते वाढतंय की उतरतंय ते पाहा. तिसऱ्या दिवसापर्यंत सूज आणि जबड्याचा ताठरपणा वाढतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. त्यानंतर मात्र दर दिवशी थोडा उतार पडलाच पाहिजे. कमी होत आलेलं दुखणं पुन्हा उसळलं, तर थांबू नका, दाखवा.

तोंडात दिलेला कापसाचा बोळा किती वेळ दाबून धरायचा?

पाऊण तास ते एक तास, सलग. मध्ये बोलायचं नाही आणि ‘थांबलं का बघू’ म्हणून दर पाच मिनिटांनी काढून पाहायचं नाही. प्रत्येक वेळी बोळा उचलला की त्याला चिकटलेली ताजी गुठळी ओढली जाते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. एका तासाने बोळा हळूच काढा. तो गुलाबी किंवा लालसर दिसेलच. जखमेतून रक्त भरून येत नसेल तर दुसरा ठेवायची गरज नाही.

संध्याकाळ झाली तरी रक्त येतंय. हे चालतं का?

पहिले २४ तास लाळेला लाल रंग येणं, सकाळी उशीवर डाग दिसणं हे चालतं. थेंबभर रक्त तोंडभर लाळेत मिसळलं की ते खूप वाटतं. काळजी करायची ती तोंड पुन्हा पुन्हा लालभडक रक्ताने किंवा मोठ्या गाठींनी भरत असेल तेव्हा.

अशा वेळी ताठ बसा. निर्जंतुक गॉजची जाडसर घडी स्वच्छ पाण्यात किंचित ओली करा, म्हणजे ती गुठळीला चिकटणार नाही. मग ती नेमकी जखमेवर ठेवून अर्धा तास घट्ट चावून धरा. बहुतेकांचं इथेच चुकतं. बोळा शेजारच्या दाढांवर बसतो, दाब त्या दाढांवर पडतो आणि जखम मोकळीच राहते. घडी इतकी जाड हवी की दात मिटल्यावर दाब खड्ड्यावर जाणवला पाहिजे. गॉज नसेल तर साध्या काळ्या चहाची डिप पिशवी पाण्यात भिजवून, गार करून, पिळून तशीच चावून धरता येते. चहातलं टॅनिन रक्त साकळायला मदत करतं. सुटी चहापूड मात्र जखमेत घालू नका.

अर्ध्या अर्ध्या तासाचे दोन प्रयत्न करूनही धार थांबली नाही तर डॉक्टरांना फोन करा. रक्तदाबाची रोजची गोळी गडबडीत राहून गेली आहे का, तेही पाहा. दाब चढलेला असेल तर रक्त थांबायला वेळ लागतो.

थुंकायचं नाही म्हणता, मग लाळेचं काय करायचं?

गिळायची. नकोशी वाटत असेल तर बेसिनवर वाकून आपोआप गळू द्यायची. थुंकताना गाल आणि जीभ मिळून तोंडात ओढ तयार करतात आणि ती ओढ गुठळी उचकटते. पहिले २४ तास थुंकणं, चूळ भरणं, गुळण्या करणं बंद.

आपल्याकडे सकाळी उठल्यावर जोरात खाकरून घसा साफ करण्याची सवय पुष्कळांना असते. दाढ काढल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार सकाळी हे टाळा. जिभली फार आत घालून उबळ आणणंही नको. स्ट्रॉबद्दल सगळे सांगतात, तरी शहाळं हातात आलं की लोक नळीनेच पितात. शहाळ्याचं पाणी पेल्यात ओतून घ्या. आठवडाभर स्ट्रॉ नाही, मँगोलाच्या बाटलीलाही नाही.

पोटात रक्त जास्त गेलं तर मळमळ होऊन काळपट उलटी होऊ शकते. एकदा झाली तर घाबरू नका. वारंवार होत असेल तर कळवा.

भूल कधी उतरते, आणि तोवर काय जपायचं?

लिग्नोकेनची भूल खालच्या जबड्यात, ओठ आणि जीभ धरून, साधारण तीन ते चार तास टिकते. डॉक्टरांनी जास्त वेळ टिकणारं औषध दिलं असेल तर सहा-आठ तासही लागतात. तोवर गरम चहा-कॉफी नको, कारण भाजलेलं कळत नाही. चावायचं काही नको, कारण ओठ चावला जातो आणि दुसऱ्या दिवशी दाढेपेक्षा ओठच जास्त ठणकतो.

भूल पूर्ण उतरायची वाट न पाहता वेदनाशामकाची पहिली गोळी घ्या. थोडं गार दूध किंवा दही पोटात गेलं की तास-दीड तासातच घ्यावी. कळ चढल्यावर घेतलेल्या गोळीला तीच कळ उतरवायला बराच वेळ लागतो.

कोणती गोळी, किती आणि किती दिवस?

चिठ्ठीत लिहिलेलीच. पण चिठ्ठी समजून घ्या. या दुखण्यावर इबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही जोडी चांगली चालते. दोघांचं काम वेगळ्या पद्धतीने होतं, म्हणून एकत्र घेतली की गुण जास्त येतो. निरोगी प्रौढ माणसाला सहसा इबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, दर आठ तासांनी देतात. पहिले तीन दिवस गोळ्या घड्याळ लावून घ्याव्यात, त्यानंतर गरजेपुरत्या.

घोटाळा होतो तो ब्रँडच्या नावांमुळे. कॉम्बिफ्लॅमच्या एका गोळीत इबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असतं. वरून ताप वाटला म्हणून डोलो ६५० घेतली की पॅरासिटामॉल दुसऱ्यांदा पोटात गेलं. दिवसाचं सगळं मिळून पॅरासिटामॉल ३ ग्रॅमच्या आत ठेवा. पाकिटामागचं घटकांचं बारीक अक्षर वाचा किंवा औषधाच्या दुकानात विचारा. इबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, केटोरोलॅक ही एकाच कुळातली औषधं आहेत. त्यातलं एका वेळी एकच. केटोरोलॅक पाच दिवसांहून जास्त कधीच नाही.

दमा, जठराचा व्रण, मूत्रपिंडाचा आजार, गर्भारपण यांपैकी काहीही असेल तर इबुप्रोफेनच्या कुळातली गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका. अंगावर पाजत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. पॅरासिटामॉल आणि इबुप्रोफेन सहसा चालतात. अॅस्पिरिन किंवा डिस्प्रिन दुखण्यासाठी म्हणून अजिबात नको, रक्त वाढतं. ती गोळी कुटून जखमेवर ठेवणं तर फारच वाईट, हिरडी पांढरी होऊन भाजते.

अँटिबायोटिक दिलं नाही. मागून घेऊ का?

नको. प्रत्येक दाढेला ते लागत नाही. आधीच पू झाला असेल, हाड बरंच कोरावं लागलं असेल किंवा मधुमेह नीट ताब्यात नसेल तर देतात. दिलं असेल तर बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. मेट्रोनिडॅझोल असेल तर तोंडाला धातूसारखी चव येते. त्या काळात आणि नंतरही तीन दिवस दारू पूर्ण बंद ठेवा.

काल सूज कमी होती, आज गाल फुगलाय. काही बिघडलं का?

नाही. सूज ४८ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असते. पाचव्या दिवसापासून ती दिसण्याइतकी उतरते आणि आठवड्याभरात जवळपास जाते. गालावर, जबड्याखाली, कधी मानेपर्यंत निळसर डाग पडतो, तो पुढे हिरवा-पिवळा होऊन जातो. गोऱ्या आणि वयस्क माणसांत तो जास्त उठून दिसतो.

पहिल्या दिवशी बर्फाचा शेक द्या. बर्फाचा चुरा पिशवीत घालून, पातळ रुमालात गुंडाळून गालावर १५ मिनिटं ठेवा, १५ मिनिटं काढा. जागे आहात तोवर जमेल तितक्या वेळा. बर्फ थेट कातडीला लावू नका. दुसऱ्या दिवसानंतर बर्फाचा फारसा उपयोग नाही. तिसऱ्या दिवसापासून कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने बाहेरून २० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा शेका. आजी पहिल्याच रात्री तव्यावर फडकं तापवून शेकायला बसेल. तिला तिसऱ्या दिवसापर्यंत थांबवा, कारण पहिल्या दोन दिवसांत उष्णतेने सूज आणि रक्त दोन्ही वाढतं.

दोन-तीन रात्री दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपा. सकाळची सूज यामुळे बरीच कमी राहते.

तोंड उघडतच नाही. दातखीळ बसली आहे का?

चावायचे स्नायू जखमेच्या अगदी शेजारी असतात. सूज आणि इंजेक्शन यामुळे ते आखडतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक बोटही आत जात नाही असं होऊ शकतं. साधारणपणे आपली तीन बोटं उभी मावतील इतकं तोंड उघडतं. तिथपर्यंत परत यायला एक ते दोन आठवडे लागतात.

तिसऱ्या दिवसापासून व्यायाम सुरू करा. ताण जाणवेल पण कळ येणार नाही इथपर्यंत तोंड उघडा, दहा आकडे मोजेपर्यंत धरा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून चारदा, गरम शेकानंतर. दुखतं म्हणून तोंड मिटून बसलात तर ताठरपणा लांबतो. सुपारी-गुटखा खाणाऱ्यांचं तोंड मुळातच कमी उघडत असेल तर त्यांना जास्त वेळ लागेल. तसं असेल तर ते आधीच सांगायला हवं.

काय खायचं?

पहिले चोवीस तास गार किंवा कोमट, चावायला न लागणारं. ताक, दही, गार दूध, नाचणीची आंबील गार करून, साधं आइस्क्रीम. त्यात काजू-पिस्त्याचे तुकडे आणि खालचा कुरकुरीत कोन नको. सूप, पेज, सार हे कोमट होऊ द्या. वाफाळतं खाल्लं की गुठळी विरघळते.

दुसऱ्या दिवसापासून मेतकूट-तूप घालून गुरगुट्या भात, मुगाची पातळ खिचडी, दहीभात, कुस्करलेलं केळं, दुधात पूर्ण भिजवून कुस्करलेली पोळी, पातळ पिठलं, मऊ अंडं. भात नेहमीपेक्षा दुप्पट पाण्यात शिजवा. सुटं शीत खड्ड्यात जाऊन बसतं, गुरगुट्या भात बसत नाही. उपम्याचा रवा आणि साबुदाणा याच कारणाने आठवडाभर टाळलेले बरे. उपवास असेल तर दाण्याचं कूट घातलेल्या खिचडीऐवजी राजगिऱ्याच्या पिठाची पातळ लापशी, उकडून कुस्करलेलं रताळं, दूध आणि केळं यावर भागवा. गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या नाहीत, तेव्हा निर्जळी उपवास या आठवड्यात धरूच नये.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून दुसऱ्या बाजूने मऊ पोळी-भाजी सुरू करता येते. ज्वारी-बाजरीची भाकरी आमटीत चुरून खा, कडक पापुद्रा चावू नका. चिवडा, शेंगदाणे, फुटाणे, पापड, तीळ, मक्याच्या लाह्या दोन आठवडे नकोत. तीळ आणि मिरचीचं बी फार लहान असतं, आत अडकलं की काढता येत नाही. झणझणीत रस्सा आठवडाभर नको. त्याने जखम बिघडते असं नाही, पण आग इतकी होते की माणूस खाणंच सोडतो.

आणि खाणं सोडू नका. दोन दिवस नुसत्या चहावर काढलेल्या माणसाला चक्कर येते, गोळ्यांनी पित्त होतं आणि तो म्हणतो दाढेमुळे अंगात ताकद नाही. पाणीही रोजच्याइतकंच प्यायचं.

चूळ कधीपासून, ब्रश कधीपासून?

ब्रश दुसऱ्या दिवशी सकाळी, मऊ केसांचा. जखमेची जागा तीन-चार दिवस सोडून बाकी सगळे दात घासा. तोंड अस्वच्छ राहिलं तर जखमही चिघळते. फेस थुंकायचा नाही, तोंड उघडून पडू द्यायचा.

२४ तासांनंतर मिठाच्या कोमट पाण्याने चूळ. एक पेला पाण्याला अर्धा चमचा मीठ. घोट तोंडात घ्या, डोकं डावी-उजवीकडे कलतं करून पाणी जखमेवरून फिरू द्या, मग तोंड उघडून सोडून द्या. गाल फुगवून खळखळ नाही, मान मागे टाकून घशात गुळण्याही नाहीत. प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपताना, आठवडाभर.

क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश दिलं असेल तर ०.२ टक्क्यांचं १० मिलिलिटर एक मिनिट, दिवसातून दोनदा, तेही २४ तासांनंतरच. पेस्टने ब्रश केल्यावर अर्ध्या तासाचं अंतर ठेवा, कारण पेस्टमधला फेस करणारा घटक त्याचा परिणाम मारतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते.

पाचव्या-सहाव्या दिवसानंतर खालच्या खड्ड्यात अन्न साठत असेल तर वाकड्या टोकाची प्लॅस्टिकची सिरिंज कोमट मीठपाण्याने भरून हलक्या दाबाने धुवा. ती मिळाली नाही तर औषधाच्या दुकानातली १० मिलिलिटरची साधी सिरिंज, सुई काढून. टूथपिक, काडी, नख आत घालायचं नाही.

तंबाखू, सिगारेट, मिश्री किती दिवस बंद?

कमीत कमी तीन दिवस पूर्ण बंद, आणि आमचा आग्रह दोन आठवड्यांचा. निकोटीनने हिरडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी मिळतं. सिगारेट-बिडीच्या झुरक्याने तोंडात ओढ निर्माण होते. तंबाखू-चुना किंवा खर्रा असेल तर त्याचे कण थेट खड्ड्यात जातात आणि चुना उघड्या हाडाला भाजतो. व्हेपिंगही यातलंच.

मिश्रीबद्दल वेगळं सांगायला हवं. ती लावणाऱ्या बायका ‘मी तंबाखू खात नाही’ असं अगदी प्रामाणिकपणे सांगतात, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं. मिश्री म्हणजे भाजून कुटलेला तंबाखूच. ती बोटाने हिरडीवर चोळली की गुठळी निघतेच. घरात आई, मावशी, सासूबाई मिश्री लावत असतील तर दाढ काढायच्या आधीच डॉक्टरांना सांगा. ‘दोन आठवडे फक्त पेस्ट’ हे त्यांच्याशी नीट बोलून ठरवा. निम्मं वाक्य ऐकून घरी गेलेली बाई दुसऱ्या सकाळी सवयीने डबी उघडते.

तलफ आवरत नसेल तर सोडण्यासाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे: १८००-११-२३५६. निकोटीनचं च्युइंगम चघळावं लागतं म्हणून पहिल्या आठवड्यात नको. पट्टीबद्दल डॉक्टरांना विचारा.

ड्राय सॉकेट म्हणजे काय, आणि मला झालंय हे कसं ओळखू?

गुठळी बनलीच नाही, किंवा बनून वेळेआधी निघाली, तर खड्ड्यातलं हाड उघडं पडतं. त्यालाच ड्राय सॉकेट म्हणतात. सर्व प्रकारच्या दातांचा विचार केला तर ते शंभरात दोन ते पाच जणांना होतं. खालच्या अक्कलदाढेला त्याहून पुष्कळ जास्त प्रमाणात. तंबाखू, गर्भनिरोधक गोळ्या, अवघड शस्त्रक्रिया, तोंडाची अस्वच्छता आणि आधी एकदा झालेलं असणं यामुळे शक्यता वाढते. म्हणजे सगळे नियम पाळूनही ते होऊ शकतं. तुमचीच चूक असं मानून दुखणं अंगावर काढू नका.

ओळखायची खूण म्हणजे वेळ. दोन दिवस ठीक चाललेलं असतं आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी खोल, सतत ठणका सुरू होतो. तो कानात, कानशिलात, डोळ्यामागे जातो. झोप लागत नाही आणि आत्तापर्यंत पुरणाऱ्या गोळ्या पुरत नाहीत. तोंडाला घाण वास आणि चव येते. आरशात पाहिलं तर खड्डा रिकामा, आत करडं-पांढरं हाड. सूज आणि ताप बहुतेक वेळा नसतो, म्हणून घरच्यांना वाटतं हा उगाच कण्हतोय.

घरी यावर इलाज नाही, आणि अँटिबायोटिकनेही हे बरं होत नाही, कारण मुळात हा जंतुसंसर्ग नाही. डॉक्टर खड्डा कोमट सलाइनने धुतात आणि लवंगेच्या तेलातलं युजेनॉल असलेली औषधी पट्टी आत ठेवतात. बऱ्याच जणांना खुर्चीतून उठेपर्यंतच फरक जाणवतो. पट्टी एक-दोन दिवसांनी बदलावी लागते. सात ते दहा दिवसांत नवीन मांस हाडावर येतं आणि दुखणं संपतं. ‘पट्टीत लवंगच असते तर घरीच बोळा ठेवतो’ असं करू नका. शुद्ध लवंग तेल मोजमापाशिवाय लावलं की हिरडी आणि गाल आतून भाजतात.

खड्ड्यात पांढरं-पिवळं काहीतरी दिसतंय. पू आहे का?

बहुधा नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून गुठळीवर पांढरट पिवळा थर येतो. तोंडात ओल असल्यामुळे खपली काळी, कडक न होता अशी दिसते. खरवडू नका. पू असेल तर दाबल्यावर घट्ट स्राव येतो, चव खारट-घाण लागते, सूज आणि दुखणं सोबत वाढत असतं.

काही आठवड्यांनी जिभेला टोकदार कपची लागली तर ती हाडाची कडा असते. मुळाचा तुकडा राहिला असं लगेच समजू नका. अशा कपच्या बहुतेक आपोआप सुटतात. बोचत असेल तर डॉक्टर दोन मिनिटांत काढतात.

टाके काढावे लागतात का?

काळ्या रेशमी धाग्याचे असतील तर हो, सातव्या दिवशी. काढताना चिमटा बसल्यासारखं वाटतं, भूल लागत नाही. विरघळणारे असतील तर एक ते तीन आठवड्यांत गळून पडतात. एखादा टाका तिसऱ्या दिवशीच सुटला आणि रक्त येत नसेल तर घाई नाही, फोन करून कळवा.

मधुमेह आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. काय वेगळं?

मधुमेहात धोका दोन्हीकडून. साखर वाढलेली असेल तर जखम रेंगाळते. आणि खाणं कमी झालेलं असताना इन्सुलिन किंवा गोळी नेहमीच्याच मात्रेत घेतली तर साखर एकदम उतरते. पहिले तीन दिवस घरच्या यंत्रावर रोज दोनदा साखर तपासा आणि मात्रेबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला. घाम, थरथर, धडधड जाणवली तर आधी साखर-पाणी.

इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, अॅसिट्रोम किंवा तत्सम गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि शेजारच्याने बंद केली होती म्हणूनही नको. रक्त थोडं जास्त वेळ झिरपणं दाबाने आणि टाक्यांनी आवरता येतं. हृदयात किंवा मेंदूत गाठ अडकली तर ते आवरत नाही.

वरची दाढ काढली आहे. काही वेगळं जपायचं का?

वरच्या दाढांच्या मुळांवरच गालाच्या हाडातली हवेची पोकळी, म्हणजे सायनस असते, आणि मधलं हाड कधी कधी कागदाइतकं पातळ असतं. डॉक्टरांनी ‘सायनस जवळ आहे’ असं सांगितलं असेल तर दोन आठवडे नाक शिंकरू नका. शिंक आली तर तोंड उघडून येऊ द्या. जलनेती, कपालभाती, भस्त्रिका, शंख फुंकणं, फुगे फुगवणं, सनई-बासरी हे सगळं तोवर बंद. पाणी पिताना नाकात आलं किंवा बोलताना खड्ड्यातून हवा गेली तर त्याच दिवशी सांगा.

वरची दाढ काढल्याने नजर जाते हे मात्र खरं नाही. डोळ्याची नस दाढेपर्यंत येतच नाही.

कामावर, गाडीवर, व्यायामाला कधी?

बैठं काम असेल तर दोन ते तीन दिवस सुटी धरा. शिक्षक, कॉल सेंटर, विक्री अशा सतत बोलण्याच्या कामाला चार-पाच दिवस. झोपेचं इंजेक्शन दिलं असेल तर २४ तास गाडी चालवायची नाही. एरवी दुचाकीची अडचण हेल्मेटमुळे येते. पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट सुजलेल्या गालावर दाबतं आणि चढवता-उतरवताना ओढ बसते. हेल्मेट काढून चालवण्यापेक्षा आठवडाभर रिक्षा किंवा बस बरी.

जिम, धावणं, जड उचलणं, सूर्यनमस्कार पाच ते सात दिवसांनी. खाली वाकल्यावर जखमेत ठणका उठत असेल तर अजून वेळ आहे. पोहणं जखम मिटल्यावर. चाळिशीनंतर खोल अडकलेली दाढ निघाली असेल तर महिनाभर अक्रोड, सुपारी, ऊस, मटणाची हाडं चावू नका. जबडा तिथे तात्पुरता कमजोर असतो.

आठवडा झाला, खालचा ओठ अजून बधिर आहे.

खालच्या दाढेच्या मुळांजवळून ओठ आणि हनुवटीची नस जाते, आतल्या बाजूने जिभेची. ओढ किंवा सूज यामुळे ती काही काळ मुकी होते. शंभरातल्या काही थोड्यांना असं होतं आणि बहुतेकांना काही आठवडे ते काही महिन्यांत संवेदना परत येते. आधी मुंग्या, टोचल्यासारखं वाटणं, मग स्पर्श. कायमचा बधिरपणा शंभरात एकाहून कमी लोकांना. पण वाट पाहत घरी बसू नका. दुसऱ्या दिवशीही बधिर असेल तर सांगा, म्हणजे नोंद होते आणि सुधारणा मोजता येते. ओठ पूर्ववत हलतो, फक्त कळत नाही, म्हणून गरम पदार्थ आणि दाढी करताना जपा.

लगेच दवाखान्यात कधी जायचं?

लाळ गिळता येत नाही, श्वास घ्यायला त्रास होतो, जिभेखाली किंवा जबड्याखाली सूज येऊन घसा कडक झाला, आवाज बदलला, यांपैकी काहीही असेल तर दाताच्या दवाखान्याची वेळ पाहू नका. थेट मोठ्या रुग्णालयात जा, १०८ ला फोन करा. मानेतला संसर्ग काही तासांत श्वास अडवू शकतो.

दोन दिवसांनंतर १०१ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, चौथ्या दिवसानंतर वाढणारी सूज, पू, न थांबणारं रक्त, औषधाने अंगावर उठलेलं पित्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पावसाळ्यात दाढेची जागा शांत असूनही कडक ताप आणि अंगदुखी आली तर डेंग्यूची तपासणी करून घ्या. तोवर इबुप्रोफेनच्या कुळातल्या गोळ्या थांबवून फक्त पॅरासिटामॉल घ्या.

खड्डा कधी भरतो?

खड्ड्यावरची हिरडी तीन ते सहा आठवड्यांत मिटते, आतलं हाड भरायला तीन ते सहा महिने लागतात. तोवर तिथे खोलगट भाग राहणं आणि जेवणानंतर धुवावा लागणं साहजिक आहे. शेजारच्या दाढेला गार-गरम लागणं काही आठवडे चालतं. तीन-चार आठवड्यांनी, सगळं विसरल्यावर, अचानक गाल सुजला तर उशिरा झालेला संसर्ग असू शकतो. तेव्हाही दाखवायचं.

दुसऱ्या बाजूची दाढ कधी काढायची?

पहिल्या बाजूने नीट चावता यायला लागलं आणि तोंड पूर्ण उघडायला लागलं की, म्हणजे सहसा तीन ते चार आठवड्यांनी. त्या वेळी मागच्या खेपेचं सगळं सांगा: रक्त किती वेळ आलं, कोणत्या गोळीने गुण आला, कोणत्या गोळीने पित्त झालं, ड्राय सॉकेट झालं होतं का. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तारीख पाकिटातल्या हार्मोन नसलेल्या दिवसांत घेता येईल का ते विचारा. आदल्या दिवशी गॉज, बर्फ, मेतकूट आणि औषधं घरात आणून ठेवा.